कफील, इकामा आणि नोकरीची बदली

आखाती देशात नोकरीस असलेला आपला माणूस जेव्हा फोनवर सांगतो की, ‘मी आता दुसरीकडे लागतो आहे’, तेव्हा घरच्या मंडळींस ती बातमी इथल्यासारखीच साधी वाटते. बेळगावात एका कारखान्यातून दुसऱ्या कारखान्यात जाणारा इसम राजीनामा देतो, हिशेब घेतो आणि पहिल्या तारखेला नव्या फाटकातून आत शिरतो. गावात राहण्याच्या त्याच्या हक्काला त्यामुळे काडीचाही धक्का लागत नाही. आखातात मात्र नोकरी आणि राहण्याचा परवाना ही दोन्ही एकाच खिळ्याला टांगलेली असतात. खिळा उपटला की दोन्ही खाली येतात. म्हणून तेथे नोकरी बदलणे म्हणजे केवळ मालक बदलणे नव्हे. त्या देशात राहण्याचा आधारच बदलणे होय. हे नीट समजून न घेता उचललेल्या पावलामुळे कर्ज काढून गेलेला मुलगा हात हलवीत परत येतो, क्वचित तुरुंगाच्या वाटेनेही येतो. गोव्यातून कुवेत-बहारीनला, कोकणातून दुबई-मस्कतला आणि हैदराबादेहून जेद्दा-रियाधला माणसे जाऊ लागली त्यास आता कित्येक पिढ्या झाल्या. तरी या एका बाबतीत घरोघरी ऐकीव माहितीवरच काम चालते. शाळेत कागद वाचून घेण्यास येणाऱ्या पालकांकडून जे प्रश्न वारंवार येतात, त्यांस अनुसरून पुढील विवेचन केले आहे.

प्रथम शब्द पाहू. कारण हे शब्द परके वाटले तरी त्यांचे भाऊबंद आपल्या मराठीतच नांदत आहेत. ‘कफील’ म्हणजे हमी घेणारा, आपल्या व्यवहारातला जामीन. परदेशी माणसाच्या वर्तनाची आणि वास्तव्याची हमी एखाद्या स्थानिक व्यक्तीने अथवा कंपनीने घ्यायची, या पद्धतीस ‘कफाला’ म्हणतात. ‘इकामा’ म्हणजे वास्तव्याचा परवाना. ज्या धातूपासून आपला ‘मुक्काम’ आला त्याच धातूतला हा शब्द. शेवटच्या हिशेबाच्या पावतीस ‘मुखालसा’ म्हणतात. आपल्या ‘खलास’ आणि ‘खुलासा’ या शब्दांचा तो नातलग. परंतु एका शब्दाने हमखास घोटाळा होतो. जामीनदार बदलण्याच्या क्रियेस अरबीत ‘नक्ल कफाला’ म्हणतात. मराठी कानास ‘नक्कल’ ऐकू येते आणि वाटते की कुठल्याशा कागदाची प्रत मागत आहेत. वस्तुतः अरबीत ‘नक्ल’ म्हणजे हलविणे, एका जागेहून दुसरीकडे नेणे. प्रत काढणे हा अर्थही त्याच शब्दास आहे आणि आपण तेवढाच उचलला. तेव्हा ‘नक्ल झाले का?’ असे कोणी विचारले तर तो झेरॉक्सविषयी विचारीत नाही. तुझे नाव जुन्या मालकाच्या खात्यातून नव्या मालकाच्या खात्यात गेले का, असे विचारतो.

आपल्यातील पुष्कळांस लहानपणापासूनच्या कुराणपठणामुळे अरबी अक्षरे ओळखीची असतात. त्यामुळे करारनाम्याखाली सही करताना एक प्रकारचा धीर येतो. पण अक्षर लावता येणे आणि कलमाचा अर्थ लागणे यांत फार अंतर आहे. वाद उपस्थित झाल्यास तेथील न्यायालयांत अरबी मजकूरच प्रमाण धरतात. शेजारच्या रकान्यातील इंग्रजी मजकूर निराळा असेल तर तो मागे पडतो. करारनामा हाती येताच त्याचा अर्थ जाणकाराकडून लावून घेणे हे सहीच्या आधीचे काम आहे.

आता मूळ मुद्दा. जुन्या पद्धतीत कफीलाच्या संमतीवाचून कामगारास दुसरीकडे जाता येत नसे. कफीलाने ‘तनाजुल’ द्यावे, म्हणजे आपला हक्क सोडून दिल्याचे लिहून द्यावे, तरच दार उघडे. आपली मंडळी यालाच ‘रिलीज’ किंवा ‘एनओसी’ म्हणतात. हे पत्र कित्येकदा विकले जाई. पगारातून कापून, नाही तर रोख घेऊन. गेल्या पंधरा-सोळा वर्षांत या पद्धतीस बरेच खिंडार पडले. बहारीनने २००९ साली प्रथम पाऊल टाकले. कतारमध्ये २०१५ चा कायदा २०१६ च्या अखेरीस अमलात आला. त्याने मुदतीचा करार पुरा झाल्यावर, अथवा बेमुदत करार असल्यास पाच वर्षांनंतर, संमतीवाचून जाण्याची सोय झाली. पुढे २०२० साली तेथे संमतिपत्राची अटच रद्द झाली. ओमाननेही १ जानेवारी २०२१ पासून करार संपल्यावर एनओसीची अट काढली. सौदी अरेबियातील सुधारणा १४ मार्च २०२१ पासून आणि संयुक्त अरब अमिरातीचा नवा कामगार कायदा २ फेब्रुवारी २०२२ पासून लागू झाला.

या बातम्या वर्तमानपत्रांत ‘कफाला संपली’ अशा मथळ्याखाली आल्या आणि त्यातून एक गैरसमज पसरला की, आता मनात येईल तेव्हा चालू लागावे. तसे मुळीच नाही. संमतीची अट गेली. तिच्या जागी मुदतीची, सूचनेची आणि नोंदणीची अट आली. पूर्वी मालकाची मर्जी राखावी लागे, आता तारखा राखाव्या लागतात.

कतारचे उदाहरण घ्या. नोकरीस दोन वर्षे झाली नसतील तर एक महिन्याची आणि दोन वर्षांहून अधिक झाली असतील तर दोन महिन्यांची लेखी सूचना द्यावी लागते, आणि ती मंत्रालयाच्या संगणकीय व्यवस्थेतून द्यावयाची असते. उमेदवारीच्या, म्हणजे प्रोबेशनच्या काळातच जायचे असेल तर नव्या मालकाने जुन्यास भरतीखर्चाची भरपाई द्यायची. ती कामगाराच्या दोन महिन्यांच्या मूळ पगाराहून अधिक असू नये असे बंधन आहे. ही भरपाई नव्या मालकाने द्यायची असते, कामगाराने नव्हे. ‘तुझ्यापायी मला एवढे भरावे लागले, ते दर महिन्यास कापतो’ असे नवा मालक म्हणू लागला तर तो कायद्याबाहेर बोलत आहे असे समजावे.

अमिरातीत प्रोबेशन सहा महिन्यांहून अधिक ठेवता येत नाही. त्या काळात देशातल्या देशात दुसरीकडे जायचे तर एक महिन्याची सूचना. देश सोडून परत यायचे तर चौदा दिवसांची. प्रोबेशन संपल्यावर करारात लिहिलेली सूचनेची मुदत पाळावयाची, आणि ती तीस ते नव्वद दिवस असते. करारात ‘स्पर्धक धंद्यात जाणार नाही’ असे कलम असल्यास तेही वाचून ठेवावे. ते दोन वर्षांपर्यंत बंधनकारक ठरू शकते. सूचना न देता, कायदेशीर कारण नसताना निघून गेल्यास एक वर्षपर्यंत नवा कामाचा परवाना मिळत नाही. काही कुशल व्यवसायांस सवलती आहेत; पण आपण त्या सवलतीत बसतो असे गृहीत धरून चालू नये.

सौदीत सर्वसाधारण नियम असा की, सध्याच्या मालकाकडे एक वर्ष पुरे झाल्यावर नव्वद दिवस आधी सूचना देऊन संमतीवाचून बदली मागता येते. करारनामा सरकारी व्यवस्थेत नोंदलेला असला पाहिजे. त्या व्यवस्थेचे नाव ‘किवा’. आपल्या ‘किंवा’शी तिचे काही नाते नाही; मराठीतली ‘कुवत’ ज्या धातूची, त्याच धातूचे हे नाव. नव्या मालकाने तेथे मागणी नोंदवावयाची आणि कामगाराने ती स्वतःच्या फोनवरून मान्य करावयाची. बदलीचे शुल्क नव्या मालकाने भरावे असे सौदी कायद्याचे चाळिसावे कलम सांगते. याखेरीज काही प्रसंगी एक वर्षाचीही वाट पाहावी लागत नाही: सलग तीन महिने पगार थकला, मालकाने इकाम्याची अथवा कामाच्या परवान्याची मुदत संपू दिली, किंवा येऊन तीन महिने झाले तरी करारनामा नोंदवलाच नाही, तर संमतीविना बदली होऊ शकते.

येथे एक गोष्ट ठळकपणे सांगणे अवश्य आहे. सौदीच्या २०२१ च्या या सुधारणेतून घरकाम करणाऱ्या बाया, घरगुती ड्रायव्हर, माळी, मेंढपाळ आणि शेतमजूर यांस वगळण्यात आले. त्यांच्यासाठी वेगळी नियमावली आहे. घरगुती ड्रायव्हरच्या व्हिशावर गेलेल्या भावाने कंपनीतल्या भावाचा दाखला घेऊन चालणे म्हणजे दुसऱ्याच्या तिकिटावर प्रवास करण्यासारखे आहे. पासपोर्टवरील व्हिशात व्यवसाय काय लिहिला आहे, हे जाण्यापूर्वीच पाहावे. ‘तिथे गेल्यावर बदलून देऊ’ असे एजंट म्हणतो, तेव्हा ते त्याच्या हातात नसते.

एजंटाचा विषय निघालाच आहे तर ‘आझाद व्हिसा’ म्हणून जे विकले जाते त्याबद्दल लिहितो. आखातातील कोणत्याही सरकारने या नावाचा व्हिसा काढलेला नाही. प्रकार असा असतो की, कोणी स्थानिक माणूस केवळ नावाला कफील होतो, त्याबद्दल पैसे घेतो, आणि कामगाराने स्वतः बाहेर कुठेही काम शोधावे असे तोंडी ठरते. कागदावर एक मालक आणि प्रत्यक्षात दुसरा. पगार देणाऱ्याचे नाव कागदावर नाही, म्हणून पगार बुडाला तर दाद कोणाविरुद्ध मागणार? कफील दरसाल इकाम्याच्या नूतनीकरणासाठी पैसे मागतो, आणि न दिल्यास ‘हा माझ्याकडून पळाला’ अशी नोंद करू शकतो. एवढेच नव्हे, कफीलाखेरीज अन्यत्र काम करणे हाच मुळी त्या देशांत गुन्हा आहे. अशा माणसास नोकरी बदलण्याचा नवा कायदाही पुरता उपयोगी पडत नाही, कारण त्या कायद्याचा सारा आधार नोंदलेल्या खऱ्या करारावर आहे. आझाद म्हणून विकत घेतलेला हा व्हिसा सर्वांत जखडलेला, असे माझे मत आहे. आणि तो विकणारे बहुधा परके नसून आपल्याच ओळखीचे, नात्यातले असतात हे अधिक वाईट.

पळाल्याच्या नोंदीस सौदीत ‘हुरूब’ म्हणतात. हा शब्द आखाताशी संबंध असलेल्या प्रत्येक घराने पाठ केला पाहिजे. नव्या ठिकाणी जास्त पगार मिळतो म्हणून मुलगा रातोरात खोली सोडतो. चार दिवसांनी जुना मालक नोंद करतो. तेथून पुढे इकामा निरुपयोगी, बँकेचे व्यवहार अडतात, पोलिसाने हटकले तर अटक, आणि शेवटी हद्दपारी व पुन्हा प्रवेशास बंदी. सौदीत २०२२ साली या नोंदीत काही मवाळपणा आणला गेला. कामगारास साठ दिवसांत नव्या मालकाकडे बदली करून घेण्याची अथवा अखेरचा निर्गम-परवाना, म्हणजे ‘खुरूज निहाई’, घेऊन निघण्याची संधी ठेवण्यात आली. अमिरातीत सलग सात दिवसांहून अधिक विनाकारण गैरहजेरी झाली की मालकास कामावरून काढण्याचे कारण मिळते. म्हणून क्रम असा ठेवावा: पगार थकला, मारहाण झाली, पासपोर्ट अडकवला, काहीही झाले तरी आधी कामगार खात्याकडे तक्रार, आणि मग खोली सोडणे. तक्रारीचा क्रमांक हाती असलेला माणूस आणि नुसता निघून गेलेला माणूस यांत कायदा जमीन-अस्मानाचा फरक करतो. जीवावरच बेतले असेल तर अर्थातच क्रम पाहत बसू नये. सरळ भारतीय वकिलात गाठावी.

पासपोर्टविषयी दोन शब्द. कामगाराचा पासपोर्ट मालकाने स्वतःजवळ ठेवणे हे या देशांत बेकायदा आहे. कतारमध्ये त्यास पंचवीस हजार रियालपर्यंत दंड आहे. तरीही प्रथा सर्रास चालू आहे, आणि ‘सुरक्षित राहावा म्हणून’ ही सबब नेहमीचीच. कायदे बदलले तरी कार्यालयांतील सवयी सावकाश बदलतात. कतारमध्ये संमतिपत्राची अट गेल्यानंतरही जुन्या मालकाचा शिक्का असलेला राजीनामा मागितला जातो, सूचना देताच सूड म्हणून खोटी तक्रार होते, अशी गाऱ्हाणी मानवी हक्कांचे काम करणाऱ्या संस्थांनी पुढे आणली आहेत. आणि पाऊल नेहमी पुढेच पडते असेही नाही. कतारने २०१८ आणि २०२० साली देशाबाहेर जाण्याच्या परवान्याची अट बहुतेक कामगारांपुरती काढून टाकली. तर कुवेतने १ जुलै २०२५ पासून खाजगी क्षेत्रातील परदेशी कामगारांस देश सोडण्यापूर्वी मालकामार्फत निर्गम-परवाना घेणे सक्तीचे केले. रजेवर येऊन परस्पर दुसरीकडे जाऊ, असा बेत कुवेतमधील मुलाने आता करू नये.

आता हिशेबाचा भाग. याचाच विचार सर्वांत कमी केला जातो, म्हणून जरा विस्ताराने लिहितो. नोकरी सुटताना मिळणाऱ्या सेवासमाप्तीच्या रकमेचे नियम देशोदेशी निराळे आहेत. सौदीत पहिल्या पाच वर्षांसाठी दर वर्षी अर्ध्या महिन्याचा पगार आणि त्यापुढे दर वर्षी एक महिन्याचा, असा दर आहे. परंतु राजीनामा देऊन गेल्यास दोन वर्षांच्या आत काहीच मिळत नाही, दोन ते पाच वर्षांत एक-तृतीयांश, पाच ते दहा वर्षांत दोन-तृतीयांश आणि दहा वर्षांनंतर पूर्ण. करार मुदतीने संपला तर मात्र कापणी नाही. समजा, एका मुलाचा पगार २००० रियाल आहे, चार वर्षे झाली आहेत आणि करार आणखी एक वर्ष बाकी आहे. दुसरा मालक २०० रियाल जास्त देतो म्हणतो. आज राजीनामा दिल्यास ४००० पैकी एक-तृतीयांश म्हणजे सुमारे १३३३ रियाल हाती येतील. वर्षभर थांबून करार पुरा केला तर पूर्ण ५००० मिळतील. फरक ३६६७ रियालांचा. नव्या ठिकाणी वर्षभरात जास्त मिळणार २४०० रियाल. म्हणजे घाईने गेल्यास त्या वर्षापुरते तरी नुकसानच. आणि नव्या मालकाकडे नोकरीची मोजणी पुन्हा शून्यापासून सुरू होते ती वेगळीच. शिवाय मुदतीचा करार कारणाविना मध्येच मोडल्यास जुना मालक भरपाई मागू शकतो. पगारवाढ २०० ऐवजी ८०० ची असेल तर गणित उलटते. सांगण्याचा हेतू जाऊ नये असा नाही. आकडेमोड इयत्ता सातवीची आहे, ती आधी करावी.

अमिरातीत राजीनाम्यामुळे अशी कापणी २०२२ पासून राहिली नाही. एक वर्ष पुरे झाले की पहिल्या पाच वर्षांसाठी दर वर्षी एकवीस दिवसांचा आणि पुढे तीस दिवसांचा मूळ पगार मिळतो, आणि सर्व देणे करार संपल्यापासून चौदा दिवसांत चुकते करावयाचे असते. येथे ‘मूळ’ हा शब्द महत्त्वाचा. घरभाडे, जेवण, प्रवास असे भत्ते धरून पगार मोठा दिसतो; हिशेब मात्र मूळ पगारावर होतो. नव्या मालकाचे पत्र आल्यावर एकूण आकडा न पाहता मूळ आकडा पाहावा. आणि पैसे हातात पडल्यावाचून मुखालशावर सही करू नये. त्या कागदावर ‘माझे सर्व देणे मिळाले’ असेच लिहिलेले असते.

या सर्व काळात एक पोकळी येते. जुना परवाना रद्द झाला आणि नवा अजून उमटला नाही, अशा दिवसांस त्या देशांत सवलतीची मुदत असते. ती किती दिवसांची हे देशावर आणि व्हिशाच्या प्रकारावर अवलंबून आहे. परवाना रद्द केल्याचा कागद मिळताच त्यावरील शेवटची तारीख घरी कळवावी. त्या तारखेनंतर दररोज दंड चढतो. इंदूर, वडोदरा, हैदराबाद येथील ज्या घरांतून मुले अमेरिकेस एच-वन-बी व्हिशावर गेली आहेत, त्यांसही ही पोकळी ठाऊक आहे. तेथे २००० सालच्या कायद्याने नव्या कंपनीचा अर्ज दाखल होताच काम सुरू करता येते, आणि नोकरी सुटल्यास २०१७ पासून जास्तीत जास्त साठ दिवसांची सवलत आहे. शिकलेल्या अभियंत्याचा आणि गवंड्याचा प्रश्न तत्त्वतः एकच आहे. फरक असा की अभियंत्याजवळ वकिलास द्यायला पैसे असतात.

आपल्या सरकारकडून काय मिळते? १९८३ च्या उत्प्रवास कायद्याखाली परवानाधारक एजंटानेच भरती करावी आणि त्याने कामगाराकडून तीस हजार रुपये व त्यावरील कर याहून जास्त घेऊ नये, असे बंधन आहे. दहावी न झालेल्या कामगारास आखातासह अठरा देशांत नोकरीस जाताना उत्प्रवास संरक्षकाची मंजुरी लागते. मुंबई आणि हैदराबाद येथे त्यांची कार्यालये आहेत. ही मंजुरी कटकट समजून काही जण प्रवासी व्हिशावर जातात आणि तेथे जाऊन नोकरी पाहतात. त्यांचा मूळ करार आपल्या सरकारच्या दप्तरी राहत नाही, आणि पुढे मालकाशी तंटा झाल्यास दाखवायला काही उरत नाही. दुबई, रियाध, जेद्दा येथे भारतीय कामगारांसाठी साहाय्य केंद्रे आहेत; २०१५ पासून ‘मदद’ नावाच्या सरकारी संकेतस्थळावर घरच्यांनाही येथूनच तक्रार नोंदविता येते.

मंजुरी घेऊन गेलेल्यांचा प्रवासी भारतीय विमा उतरविलेला असतो. अपघाती मृत्यू अथवा कायमचे अपंगत्व आल्यास दहा लाख रुपयांचा. मालक बदलला, गाव बदलले, तरी विम्याची मुदत असेपर्यंत तो चालू राहतो. ही गोष्ट पुष्कळांस ठाऊक नसते आणि नोकरी बदलली म्हणजे विमाही गेला अशा समजुतीने दावाच केला जात नाही. विम्याचा कागद, पहिला करारनामा, इकाम्याच्या दोन्ही बाजू, राजीनाम्याची पोच आणि नव्या मालकाचे पत्र, एवढ्यांच्या प्रती मुलाने बदलीपूर्वी घरी पाठवाव्यात. घरच्यांनी त्या मोबाइलमध्येच न ठेवता कागदावर काढून रेशनकार्डाच्या पिशवीत घालाव्यात.